चौदावरचा काटा

वहिनीला एकच कागद हवा होता. वायरमनच्या परीक्षेला बसायचं तर अनुभवाचा दाखला लागतो, आणि तो देणार धाकटा दीर. कारण तिचा नवरा गेल्यापासून विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान त्याच्या नावावर. बारा वर्षं जळक्या मोटारींची तांब्याची वेटोळी तीच नव्याने बांधत होती, तीच मोटारी जोडत होती. गिऱ्हाइकाला मात्र "आपल्या हातचं काम आहे" असं सांगायचा तो. दाखल्याचा विषय काढला की म्हणायचा, "देतो ना वहिनी, कागद काय पळून चाललाय?"

कागद नव्हता पळत. वय पळत होतं.

एका लॉन्ड्रीतल्या धुलाईयंत्राची मोटार तिनेच जाऊन जोडली होती. तिची रीत ठरलेली. मेन स्विच पाडायचा, तिन्ही तारांत वीज नाही हे मीटर लावून बघायचं, कुणी कितीही शपथा घेतल्या तरी. आधी हिरवी अर्थिंगची तार, मग तीन फेज. पट्टा न चढवता क्षणभर चालू करून बघायचं. उलटी फिरली तर दोन तारांची अदलाबदल. शेवटी रिलेचा काटा, मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर. इथे चौदा. ओझं वाढलं की रिले मोटार बंद पाडतो, म्हणून ती वाचते.

लॉन्ड्रीवाला ड्रममध्ये कपडे लाथेने कोंबायचा. मोटार दिवसातून चारदा बंद पडू लागली. त्याने फोन केला, दीर गेला आणि काटा वीसवर सरकवून आला.

"भाऊजी, जळेल ती."

"गिऱ्हाईक खूश आहे. तुमच्या पोटात का दुखतंय?"

तीन आठवड्यांनी मोटार हातगाडीवरून परत आली. जळका वास तिच्याआधी दुकानात शिरला.

"जोडली कुणी होती?" लॉन्ड्रीवाला ओरडला.

"वहिनींनी," दीर श्वासही न घेता म्हणाला. "जोडणीत गडबड झाली असणार. घरचं बघून करतात बिचाऱ्या."

बिचाऱ्या वहिनीने झाकण उघडलं. तिन्ही फेजची वेटोळी सारखीच कोळसा झाली होती. "जोडणी चुकली असती तर पहिल्याच दिवशी धूर निघाला असता. ही ओझ्याने जळलीय. काटा कुणी फिरवला?"

लॉन्ड्रीवाला पंख्याकडे बघू लागला. फिरवायला त्यानेच तर सांगितलं होतं.

दिराने तिला आतल्या खोलीत नेलं. "चूक तुमची म्हणा, पुन्हा बांधून देतो म्हणून मी मिटवतो. दाखला आत्ता घ्या." आणि खरंच लिहिला: बारा वर्षं या दुकानातली सगळी जोडणी यांनीच केली आहे. खाली सही, शिक्का. बारा वर्षांत पहिल्यांदा तो खरं लिहीत होता, तेही एक खोटं टिकवायला.

वहिनीने तो दोनदा वाचला. बाहेर येऊन म्हणाली, "चुकलं माझं." जीभ अडखळली नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"होतं हो असं," लॉन्ड्रीवाला एकदम मऊ झाला. जाता जाता हळूच म्हणाला, "पण जोडायला तुम्हीच या. ह्यांचा भरवसा नाही."

"येईन. काटा चौदावरच राहील."

"मग परत बंद पडेल ना!"

"पडू दे."

त्याने तिच्या डोक्यावरून दिराकडे पाहिलं. दिराने डोळ्यांनीच सांगितलं, बघू नंतर.

वहिनीला ते दिसलं. हातातल्या कागदावर शाई अजून ओली होती. पुढची मोटार जळली तर कुणाच्या हातची, हे आता सही-शिक्क्यानिशी ठरलं होतं.