तहानलेला खांब

तीन वाजत आले तशी खोलीतली कुजबुज थांबली. वीस घरांची ती नवी वसाहत, आणि त्यातली निम्मी माणसं या एका घरात कोंबलेली. उरलेली खिडकीला लोंबकळत होती. मधोमध घराच्या चार लाकडी खांबांपैकी एक, आणि त्यावर तळहात टेकून, डोळे मिटून झाडबाबा.

"बोल माते," बाबा म्हणाले, "तहान लागली ना?"

कट्ट!

हाड मोडावं तसा आवाज खांबातून आला. तान्ह्या मुलीला छातीशी धरून दारात उभी असलेली या घरची सून एक पाऊल मागे सरली. पंधरा दिवस ती हा आवाज ऐकत होती. सवय होण्याऐवजी भीती रोज वाढतच होती.

वसाहत सरकारी होती. घरं आपल्याच जंगलातल्या लाकडाची बांधायची, आणि तोडलेल्या प्रत्येक झाडामागे तीन रोपं लावून जगवायची, असं धोरण. कधी नव्हे ते धोरण कागदावरून जमिनीवर उतरलं. घरं उभी राहिली, प्रत्येक दारात रोपं लागली. नवीन लाकूड पहिल्या महिन्यात जरा कुरकुरलं. ते कुरकुरतंच. पण नेमके तेव्हाच बाबा उगवले. झाडांचा आक्रोश म्हणे त्यांना तीन कोसांवरून ऐकू आला. एवढे तिखट कान, पण कुणी प्रश्न विचारला की त्याच कानांना दडे बसायचे.

"कापली त्या दिवसापासून माता उपाशी आहे," बाबांनी सांगितलं. "रोज सकाळी बुडाशी घागरभर मंतरलेलं पाणी ओता."

सासूबाई इमानेइतबारे ओतत होत्या. आवाज मात्र वाढतच गेले. मग बाबांनी नवं भाकीत केलं, की खांब घरातल्या सगळ्यात लहान जिवावर कोसळणार. तेव्हापासून आठ दिवस सून आणि तान्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपत होत्या. गार वाऱ्यानं पोरीला खोकला झाला होता.

"उद्या आमचा ट्रक येईल," बाबा आता म्हणाले. "चारही खांब काढून आश्रमात नेऊ. तिथंच शांती होईल."

"आणि घर कशावर उभं राहील?" सुनेनं चाचरत विचारलं.

"माता सांभाळेल."

इतक्यात गर्दीतून वाट काढत तिची नणंद आत आली. ती लाकडाच्या गिरणीत कामाला होती आणि तिथंच राहायची. वाळवायच्या भट्टीतून निघालेलं लाकूड तपासायचं तिचं काम.

"वन्सं, जवळ जाऊ नका! पडेल!"

"हा? अगं, याच्यावर शिक्का मीच मारलाय." नणंदेनं पिशवीतून दोन टोकदार सुयांचं मीटर काढलं आणि खांबात खांद्याच्या उंचीवर टोचलं. "ओलावा बारा टक्के. असाच पाठवला होता." मग ती खाली बसली आणि बुडाशी टोचलं. "अठ्ठावीस! आई, इथं पाणी कोण ओततं?"

सासूबाईंनी घागर पदराआड सरकवली. "मी. बाबांनी सांगितलंय."

"म्हणूनच तर. सकाळी पाणी पिऊन लाकूड फुगतं. दुपारी या खिडकीतून ऊन आलं की वरचा थर सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो. मग वरचा फाटतो, आणि फाटताना वाजतो. म्हणून तर बाबा रोज तीनलाच येतात."

"मूर्ख पोरी! तुझ्या यंत्राला मातेचं दुःख कळतं?"

"दुःख नाही, ओल कळते. पोस्टमनकाका, तुमच्या घरी खांब बोलतो का हो?"

पोस्टमन गडबडला. "पहिल्या महिन्यात बोलला दोन-तीनदा. नंतर नाही."

"पाणी ओतता?"

"सकाळी सहाला कामावर निघतो मी. वेळ कुठाय?"

सगळी गर्दी समोरच्या पोस्टमनच्या घरी गेली. तेच लाकूड, तसाच खांब. बाबांनी तीनदा हाक मारली, तिसऱ्यांदा तर आवाज चिरका होईपर्यंत. खांब ढिम्म.

"इथली माता तृप्त आहे," बाबा घाम पुसत म्हणाले.

"थेंबभर पाणी न पिता?" पोस्टमनची बायको म्हणाली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा वसाहतीत कुणीतरी हसलं. त्याच वेळी मागून, सुनेच्या रिकाम्या घरातून आवाज आला. कट्ट! तिथं ना बाबा होते, ना त्यांचा हात.

"आश्रमाच्या मंडपासाठी खांबांचा भाव विचारायला हेच आले होते गिरणीत," नणंद म्हणाली. "भाव ऐकून परत गेले. फुकट कसे मिळतात ते आत्ता कळलं."

बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. ट्रक काही आला नाही.

"वन्सं, पण आमच्या खांबावरच्या भेगा?" सुनेनं विचारलं.

"वरवरच्या दिसतायत. तरी उद्या इंजिनियरला दाखवू, ते बघेपर्यंत माझ्याकडे झोपा दोघी. पाणी मात्र आजपासून बंद. असंच ओतत राहिलात तर बूड कुजेल, आणि मग खरंच पडेल."

इंजिनियरनं खांब ठोकून पाहिला आणि धोका नाही म्हणून लिहून दिलं. आवाज कमी होत होत आठव्या दिवशी थांबला. त्या दिवशी सुनेनं पोरीला आत निजवलं आणि खांबाला हात लावून बसून राहिली. तीन वाजले, सव्वातीन झाले. खांब गप्प होता.

एक दिवस पाणी न ओतता बघायचं, एवढंच तर करायचं होतं. पंधरा दिवसांत या घरात ते कुणी केलं नाही, कारण सगळे घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसाला सांगितलेलं न करून बघण्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. भीती वाटण्यात लाज नाही. पण ती घालवायला आलेल्याचा उपाय एकदा बंद करून बघा. भीती कुठून येते ते तिथंच कळेल.

सून घागर घेऊन बाहेर आली. मेलेल्या लाकडाला पाणी पाजण्याच्या नादात दारातल्या तीन जित्या रोपांकडे कुणी पाहिलंच नव्हतं. एक वाळून गेलं होतं. उरलेल्या दोघांना तिनं घागर अर्धी-अर्धी वाटून दिली.