गणपतरावांच्या घरातली घंटा

चोरानं शेडचा कोयंडा उचकटला, बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाजप खांद्यावर टाकलं आणि तो निघून गेला. शेडला लागून असलेल्या खोलीत लालासाब झोपले होते. त्यांना सकाळी कळलं.

लालासाबांचा बँड कोल्हापुरातला जुना. वरातीत, उरुसात, गणपतीच्या मिरवणुकीत ते जन्मभर पितळेच्या मधोमध चालले, आणि त्या पितळेनंच त्यांचे कान खाल्ले. समोर उभं राहून कुणी मोठ्यानं बोललं तर समजायचं. भिंतीपलीकडचं काही म्हणजे काही ऐकू येत नसे. बायको नजीरा होती तोवर अडचण नव्हती. दूधवाल्याची हाक, दारावरची थाप, कुकरची शिट्टी, सगळं ती ऐकायची आणि त्यांच्या दंडाला हात लावून सांगायची. ती गेली आणि घराचे कान गेले. तेव्हापासून लालासाब घराच्या दाराला कडी लावत नसत. कुणी थाप मारली तर उघडणार कोण?

मुलगा फराज पिंपरीला कारखान्यात होता. चोरीचं कळताच त्याचा फोन आला. लालासाब फोन कायम स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळं बापलेकाचं बोलणं साऱ्या गल्लीला पाठ असायचं.

"अब्बा, आता बास झालं. राहिलेलं पितळ मोडीत घाला आणि हिकडं या. आज वाजप गेलं. उद्या कुणी तुमच्या डोक्यात काठी घातली, तर आम्हाला कळणार कसं?"

"आधी मला मोडीत घाल, मग पितळ घाल. आलार्म बसवतो की. मग तर झालं?"

"बसवा. पण पुन्हा काय झालं, तर निमूट यायचं."

"कबूल," लालासाब म्हणाले. म्हणाले खरे, पण त्या पितळेवाचून आपण पिंपरीच्या चौथ्या मजल्यावर काय करणार, हे त्यांना उमगत नव्हतं.

लक्ष्मीपुरीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात स्नेहल नावाची मुलगी गल्ल्यावर होती. तिनं चार डबे पुढं मांडले.

"आजोबा, हा बघा. दार उघडलं की मुलाच्या मोबाईलवर मेसेज जातो. मुलगा कुठं का असंना."

"पिंपरीत असतोय."

"चालतंय की."

"म्हंजे चोर कोल्हापुरात आणि घंटा पिंपरीत. त्यो तिथनं काय करणार? शिव्या घालणार?"

स्नेहल हसली आणि तिनं दुसरा डबा उघडून सायरन वाजवून दाखवला. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी कानावर हात ठेवले. रस्त्यावरचा एक रिक्षावाला वाकून आत बघू लागला. लालासाबांचा चेहरा मात्र खुलला.

"हां! ह्यो ऐकू येतोय. बांध ह्यो."

सायरन शेडच्या आढ्याला लागला. पुढच्या शुक्रवारी लालासाब जुम्म्याच्या नमाजाला गेले आणि घाईत शेडचं दार नीट ओढून घ्यायचं राहिलं. परत आले तेव्हा गल्ली नेहमीसारखी निवांत होती. समोरच्या तानाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"काय ओ लालासाब, नवीन वाजप आणलंसा जणू! पर एकाच सुरात चाललंय की मघाधरनं. कोण शिकतंय?"

लालासाब धावले. शेडचं दार सताड उघडं, सायरन ऊर फुटेपर्यंत ओरडतोय, आणि तानाबाईंची शेळी बँडच्या कोटाची सोनेरी झालर शांतपणे चघळत उभी. एक खांदा तिनं संपवलाच होता.

"तानाबाई, एवढा आवाज होतोय आणि तुम्ही बघाय आला न्हाईसा?"

"त्यात बघायचं काय? तुमच्या शेडात आवाज व्हायचाच की. न्हाय झाला तर बघाय यीव आम्ही."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. लालासाब शेळीला हाकलून ढोलावर बसले आणि विचार करू लागले. कोयंडा उचकटला त्या रात्रीही कुणीतरी धाडधाड ऐकलंच असणार, आणि कूस बदलली असणार. या शेडातून आवाज येणं म्हणजे नळाला पाणी येण्यासारखं. आपणच गल्लीला ही सवय लावली. तेव्हा आणखी मोठा सायरन आणून भागायचं नाही. आवाज व्हायला हवा तो जिथं कधीच आवाज नसतो, तिथं.

तसं घर गल्लीत एकच होतं. भिंतीपलीकडचं, गणपतरावांचं.

गणपतराव साखर कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त झाले तरी शिस्त सुटली नव्हती. त्यांच्याकडं रेडिओ कुजबुजायचा आणि कुकर शिट्टीच्या आधी उतरायचा. बँडच्या तालमीविरुद्ध त्यांनी एकदा साऱ्या गल्लीच्या सह्या गोळा केल्या होत्या. तेव्हापासून तालीम दिवेलागणीला बंद होऊ लागली आणि दोघांचं बोलणंही बंद झालं. बायकांचं मात्र भिंतीवरून चालूच राहिलं. दिवाळीचा फराळ इकडं यायचा, ईदचा शीरखुर्मा तिकडं जायचा. नजीरा गेल्यावरही गणपतरावांच्या बायडाबाई भिंतीवर झाकून वाटी ठेवत. दिसेल तेव्हा लालासाब नेत, आणि धुऊन परत ठेवत.

लालासाबांनी सायरन दुकानात परत नेला. स्नेहलनं तो बदलून दुसरा दिला. त्यात चिमटीत मावतील असे दोन तुकडे होते, एक चौकटीला लावायचा आणि एक दाराला. दार उघडून दोघांची ताटातूट झाली की दूर ठेवलेली घंटा वाजायची. मधे वायर नाही.

"पण आजोबा, मधे लई भिंती असल्या तर घंटेपर्यंत सिग्नल पोचत न्हाई हं."

"भिंत एकच हाय बाळ. पर लई जुनी हाय."

पिशवी घेऊन लालासाब गणपतरावांच्या उंबऱ्यावर उभे राहिले, तेव्हा बायडाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि आत बघून म्हणाल्या, "अहो, कोण आलंय बघा तरी."

गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"उभा जन्म सांगतोय आवाज कमी करा म्हणून. आणि आता तो पिशवीत घालून माझ्या घरात आणलासा?"

"व्हय," लालासाब म्हणाले. "गल्लीतले बाकीचे कान मीच निबर केल्यात, गणपतराव. चांगले कान तुमच्याच घरात उरल्यात."

"आणि वाजली की मी काय करायचं? चोराची हजेरी लावू?"

"बॅटरी घ्यायची आणि वरडायचं," बायडाबाई म्हणाल्या. "जन्मात एकदा तरी वरडा की!"

गणपतरावांनी ती घंटा हातात उलटीसुलटी केली. मग म्हणाले, "नजीरावहिनी असत्या तर हे लागलं नसतं." आणि उठून त्यांनी स्वतःच ती घड्याळाखालच्या बोर्डात बसवली.

आता ती वाजते का, हे लालासाबांना कळणार कसं? ते शेडकडं गेले, दोन्ही तुकडे दाराचौकटीला चिकटवले, दार उघडलं आणि गणपतरावांच्या खिडकीकडं बघत राहिले. खिडकीत गणपतरावांचा हात वर गेला. दार लावलं, हात खाली आला. पुन्हा उघडलं, पुन्हा हात वर. बँडमास्तर काठी उचलतो तसा. लालासाबांनी गरज नसताना आणखी एकदा दार उघडून बघितलं.

रोज सकाळी पितळ पुसायला लालासाब शेड उघडायचे. त्याआधी सोबत मिळालेल्या रिमोटनं घंटा बंद करायची हे त्यांच्या ध्यानात राहीना. पहिल्या सकाळी गणपतराव बंडीवरच काठी घेऊन धावत आले.

"मी हाय, मी!"

दुसऱ्या सकाळीही तेच झालं. तिसऱ्या सकाळी ते आले नाहीत. खिडकीतून त्यांनी नुसता हात वर केला. सकाळची घंटा म्हणजे लालासाब, हे कारखान्याच्या भोंग्यासारखं त्यांच्या अंगवळणी पडलं. बायडाबाई त्या घंटेवर चहाचं आधण ठेवू लागल्या.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी लालासाबांना उठवेना. अंग नुसतं भाजत होतं. पाणी हवं होतं, पण माठ दूर होता, आणि हाक मारायची तर कुणाला? डोळे मिटून ते पडून राहिले.

दंडाला कुणाचा तरी हात लागला.

डोळे उघडले तर गणपतराव वाकून उभे होते. लोटलेलं दार ढकलून आत आले होते. या घरात त्यांचं पाऊल नजीराच्या मयतीनंतर आजच पडत होतं. मागं बायडाबाई तांब्या घेऊन.

"आज घंटा वाजली न्हाय," गणपतराव तोंड जवळ आणून म्हणाले.

बायडाबाईंनी पाणी पाजलं. तेवढ्यात फराजचा फोन आला. लालासाबांचा हात पोचेना, म्हणून गणपतरावांनी उचलला.

"अब्बा?"

"मी गणपतराव."

"काका? काय झालं? चोरी झाली काय?"

"चोरी न्हाय. ताप आलाय. रिक्षा सांगितलीय, डॉक्टरकडं नेतोय."

"पण तुम्हाला कसं कळलं, काका?"

"घंटा न्हाय वाजली."

पलीकडून फराज सावकाश काहीतरी बोलला. लालासाब अंथरुणातून गणपतरावांच्या ओठांकडं बघत होते. स्पीकर चालू असूनही तापानं त्यांना कानात नुसती घुमघुम येत होती. पिंपरीची बॅग डोळ्यांपुढं दिसत होती.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

गणपतराव हळू आवाजात म्हणाले, "राहू दे म्हणतोय हितंच."

"आं?"

"हितंच राहू दे म्हणतोय!"

"काय?"

गणपतरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि उभ्या जन्मात काढला नव्हता असा आवाज काढला.

"हितंच ऱ्हावा म्हणतोय!"

लालासाबांना ऐकू आलं. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. बाहेर ओट्यांवरून भांडी खाली ठेवल्याचा, चपला ओढल्याचा आवाज झाला. शेंगा पदरात तशाच धरून तानाबाई सगळ्यांच्या पुढं दारात येऊन थडकल्या.

"काय झालं ओ? गणपतराव वरडले न्हवं?"