आधी खाली बस

घरात सगळ्यांत उंच असूनही तिला सगळे बारकी म्हणत, आणि कॉलेजात जायला लागली तरी ते नाव सुटलं नव्हतं. पण यंदा बारकीच्या डोक्याला दुसराच ताप होता. जरा वेळ उभं राहिलं की छातीत धडधडायला लागायचं, हातापायांतलं बळ जायचं, डोळ्यांसमोर अंधारी यायची. खाली बसलं की हळूहळू सगळं निवळायचं. एवढंच. पण हे एवढंच कोणाला पटेल तर शपथ!

दुखणं एकीचं आणि डॉक्टर झाले सगळे. मैत्रीण म्हणाली, मोबाईल कमी बघ. मावशी म्हणाली, केस केवढे वाढवलेत, सगळी ताकद तिकडेच जाते. मोठा भाऊ म्हणाला, परीक्षा जवळ आली की बरी हिला चक्कर येते! शेजारच्या काकांनी तर तिला न विचारताच आईला एक टॉनिक सुचवलं, आणि आईने ते आणलंसुद्धा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. बारकीने बिचारीने सगळं करून पाहिलं. केसही कापले. ताकद काही परत आली नाही, आणि आरशात बघून रडू यायचं ते वेगळंच.

कॉलेजात लिफ्ट होती, पण ती शिक्षकांची. मग बारकी जिन्याच्या प्रत्येक वळणावर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली बसायची. एकदा तर पायात चपला होत्या तरी बसली. मैत्रीण नुसती बघतच राहिली.

खरी पंचाईत व्हायची ती केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला. ब्युरेटच्या उंच नळीतून द्रावण थेंब थेंब सोडत उभं राहायचं आणि खालच्या फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला रे आला की थांबायचं. नेमकी तेव्हाच अंधारी यायची. डोळे उघडेपर्यंत फ्लास्कमधला रंग गडद झालेला असायचा.

"अगं, हा काय रंग म्हणायचा?" मॅडम म्हणाल्या. "लक्ष कुठे असतं तुझं?"

"मॅडम, परीक्षेत मला बसून करता येईल का?"

"स्टूल हवं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आण. पण तुला झालंय तरी काय?"

आता हे तिलाच ठाऊक असतं तर रडायचं कशाला? चिठ्ठी नाही तर प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं.

म्हणून पुन्हा डॉक्टरांकडे. बरोबर आई होतीच. दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर आईने एका बाईंना सरकायला लावून जागा केली. "आधी खाली बस. पाणी पी. बोलू नकोस." मग फाईलने वारा घातला. नंबर लागेपर्यंत बारकी अशी टवटवीत झाली की आपण आलोय कशाला, असं तिचं तिलाच वाटायला लागलं. दर वेळी हेच व्हायचं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, नाडी बघितली, रिपोर्ट चाळले. "सगळं नॉर्मल आहे. परीक्षेचं टेन्शन घेतेस का?"

झालं. बारकीचा तोल सुटला. ती ताडकन उभी राहिली.

"टेन्शन नाहीये मला! टेन्शन तुमच्या या नॉर्मलचं आलंय!"

"अगं, आधी खाली बस बघू," आई म्हणाली.

"नाही बसणार! सगळे मला बसवता आणि मग विचारता, काय होतंय म्हणून. बसल्यावर काही होतच नाही! मी किती वेळा सांगितलं..."

ती बोलतच सुटली. मैत्रीण, मावशी, टॉनिक, कापलेले केस, सगळं बाहेर पडलं. बोलता बोलता आवाज बारीक झाला, ओठ पांढरे पडले, आणि तिने टेबलाची कड घट्ट धरली. आईने खुर्ची पुढे ओढली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. ते उठून आले होते आणि त्यांची बोटं बारकीच्या मनगटावर होती. "मी धरलंय तिला. क्षणभर उभी राहू दे."

मग त्यांनी तिला आडवं करून नाडी बघितली, पुन्हा उभं करून बघितली, आणि पुन्हा आडवं केलं. त्यांचा चेहरा ओशाळला होता.

"आजवर आपण हिला बसवूनच तपासत होतो," ते म्हणाले. "उभं राहिलं की हिचे ठोके भलतेच वाढतात. हे मनाचे खेळ नाहीत. नक्की काय ते मोठ्या डॉक्टरांना दाखवून ठरवू, पण कॉलेजची चिठ्ठी मी आत्ताच देतो."

बारकी तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या हसायला लागली. आजार असल्याचा एवढा आनंद कोणाला झाला नसेल.

आई मात्र हसली नाही. ती डॉक्टरांकडे जरा झुकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे डॉक्टर, ही नाटकं करत नव्हती?"

बारकीचं हसू जागच्या जागी थांबलं. रजा काढून बरोबर येणारी आई, पाणी देणारी, वारा घालणारी आई, इतके दिवस मनात हे धरून होती.

"आई!"

"तसं नाही गं..." आई म्हणाली. तिने नुसता हात पुढे केला. उठायला आधार लागणारच होता म्हणून बारकीने तो धरला. पण घरी पोहोचेपर्यंत ती आईशी एक अक्षरही बोलली नाही.