ब्रेक लागला की नाही

मी लिफ्टचे ब्रेक तयार करते. नातेवाइकांना हे सांगितलं की ते "म्हणजे नक्की काय करतेस?" असं विचारतात, जणू लिफ्ट दमली की आपोआप थांबते. मी आता उत्तर देणं सोडलंय.

माझी आत्या सहाव्या मजल्यावर राहते. तिच्या इमारतीतल्या जुन्या लिफ्टचा ब्रेक म्हणजे निव्वळ हाणामारी. तळमजला आला की असा गचका बसायचा की दातावर दात आपटायचे. एकदा त्या गचक्याने आत्याची कवळीच निसटली. ती उचलायला आत्या वाकली, तेवढ्यात दार उघडलं आणि बाहेरच्या शेजाऱ्यांनी तो सोहळा डोळे भरून पाहिला. तेव्हापासून आत्याने लिफ्टचं नाव टाकलं. जिन्याचं नाव तिच्या गुडघ्यांनी आधीच टाकलं होतं.

तळमजल्यावर तिची जिवाभावाची मैत्रीण राहते. तिला सगळे राणीबाई म्हणतात, कारण रमी खेळताना ती बदामची राणी मेली तरी सोडत नाही. तिच्या कंबरेला तो गचका डॉक्टरांनीच मना केला होता. मग दोघी फोनवर रमी खेळू लागल्या. राणीबाईंकडे दोघींचा पत्त्यांचा जुना कॅट, आत्याकडे नवा. आता दोन कॅट म्हटल्यावर एकच पत्ता दोघींच्या हातात यायचा, आणि दोघी एकमेकींना लबाड ठरवायच्या. शेवटी आत्याने मला फोन केला.

"मी तिच्याशी बोलणं सोडलंय," ती म्हणाली. "चांगलंच झालं. कटकट गेली."

हे म्हणताना ती रडत होती. मला वाईट वाटलं आणि संतापही आला. घरात ब्रेकवाली असताना आत्या एका गचक्यापायी मैत्रीण गमावणार असेल, तर माझं शिक्षण काय चुलीत घालायचं?

इमारतीच्या लोकांना पटवून मी नवा ब्रेक आखला. हे काम मोठं छळवादी असतं. ब्रेक झटकन धरला तर गचका बसतो, सावकाश धरला तर मजला चुकतो. शिवाय वीज गेली की तो स्प्रिंगच्या जोरावर आपोआप बसलाच पाहिजे, तिथे लाडीगोडी चालत नाही. मोटरच्या चाकाला पकडणारे दोन जबडे मी वेगळे केले. एक आधी अलगद टेकणार, दुसरा पाठोपाठ धरणार. दोघांपैकी एकटाही भरलेली लिफ्ट रोखू शकेल इतकी ताकद प्रत्येकाला दिली. लोखंडी वजनं भरून चाचणी घेतली, वर काठोकाठ भरलेला पेला ठेवला. थेंबही सांडला नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले, आणि तिथेच माशी शिंकली.

आत्या एका अटीवर तयार झाली: कवळी तोंडात नाही, रुमालात बांधून मुठीत. तिला लिफ्टमध्ये स्टुलावर बसवून मी जिन्याने खाली धावले. राणीबाई आपल्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, जुना कॅट मांडीवर.

"मी तिच्यासाठी नाही बसले," त्या म्हणाल्या. "वारा खातेय."

मी वरच्या मशीनच्या खोलीतल्या फिटरकाकांना फोन केला, त्यांनी लिफ्ट सोडली. दारावरचा तळमजल्याचा दिवा लागला. तेवढ्यात काकांनी वरून लिफ्टमधल्या स्पीकरवर आत्याला विचारलं, "आजी, ब्रेक लागला का?"

"छे," दाराआडून बिनदातांचा आवाज आला. "काही लागलं नाही."

ब्रेक लागला नाही हे ऐकून कुठला फिटर शांत बसेल? त्यांनी लाल बटण दाबून सगळी वीज तोडली. दार उघडायच्या आधीच बंद पडलं आणि आत्या बॅटरीवरच्या छोट्या दिव्याखाली आत अडकली.

"काका, ब्रेक लागलाय," मी फोनवर म्हणाले.

"त्या स्वतः म्हणाल्या, लागला नाही."

"त्यांना लागलं नाही, असं म्हणाल्या."

"मग लागला की नाही?"

"लागला, पण लागलं नाही."

"मॅडम, मी दोन्ही जबडे हाताने तपासल्याशिवाय वीज देणार नाही." त्यांचं बरोबरच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

मी दाराला तोंड लावलं. "आत्या, घाबरू नकोस. तू खाली आली आहेस."

"थापा मारू नकोस. मी जागची हललेच नाही."

"अगं, मी तळमजल्यावरून बोलतेय," राणीबाई न राहवून म्हणाल्या.

"हिला फोनवर घेतलंयस होय? मला फसवायला?" आत्याने आतून दार बडवलं. "मला घरी सोडा. नको मला तुमची लिफ्ट."

आज ती वर गेली असती तर पुन्हा कधीच खाली आली नसती. आणि हे सगळं मी ब्रेक फार चांगला केला म्हणून.

राणीबाई उठल्या, कंबर धरून हळूहळू दाराशी आल्या. त्यांनी कॅटमधून एक पत्ता काढला आणि दाराच्या फटीतून आत सरकवला.

आत स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"ही बदामची राणी," आत्या सावकाश म्हणाली. "कोपरा फाटलेली. ही तर आपल्या जुन्या कॅटातली."

"मग? फोनमधून येते का ती?"

"ही तू फोनवरच्या शेवटच्या डावात टाकली म्हणाली होतीस मला. लबाड कुठली."

"बाहेर ये आणि तोंडावर बोल."

"थांब, दात लावते."

काकांचे जबडे तपासून झाले, वीज आली, दार उघडलं. आत्या दात लावून, पत्ता उगारून बाहेर पडली आणि भांडत भांडत थेट राणीबाईंच्या घरात शिरली. मला दोघींनी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी जिन्यावर बसून थोडी रडले, थोडी हसले.

संध्याकाळी आत्या म्हणाली, "ब्रेक चांगलाय. पण थांबलेलं माणसाला कळलं पाहिजे गं. एवढं गुपचूप येणारं काहीही मला आवडत नाही."

मी दुसऱ्या जबड्याची स्प्रिंग किंचित आवळली. आता लिफ्ट तळमजल्यावर येताना पायाला अगदी हलकं ठक्क जाणवतं. रोज दुपारी दार उघडायच्या आधी आतून आवाज येतो, "लागला!"

आणि राणीबाई पत्ते पिसायला घेतात.