मिसळलेले पैसे

धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आली ती एक पिशवी आणि लॅपटॉप घेऊन. परदेशातल्या लोकांना ती चित्रं काढून देते, मोबदला क्रिप्टोत मिळतो. ते जमा होतात ते ऑनलाइन वॉलेट नवऱ्यानेच स्वतःच्या नावावर काढून दिलेलं. वॉलेटचा पत्ता, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांब ओळ, ठाऊक असला की त्यातली जमा कुणालाही दिसते. ती भाजी चिरत असतानाच तो बाहेरून विचारायचा, "आज पैसे आले वाटतं?"

म्हणून निघण्याआधी तिने सगळी शिल्लक एका मिक्सरमधून, म्हणजे अनेकांचे क्रिप्टो एकत्र मिसळून परत देणाऱ्या ऑनलाइन सेवेतून, फिरवून स्वतःच्या नव्या वॉलेटमध्ये घेतली. मला म्हणाली, "ताई, दहा घरचं दूध एका पातेल्यात ओतायचं, ढवळायचं, आपल्या मापाने परत घ्यायचं. कुणाचं कुठे गेलं, त्याला कळणार नाही."

"आणि एखाद्याचं नासकं असलं तर?"

"तू ना, प्रसादाचीसुद्धा पावती मागशील." खूप दिवसांनी ती हसली.

आमच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, मुलं. आमच्या यांनी तिला आठवडाभर राहू दे म्हटलं होतं, तो सरला. आज तिच्या भाड्याच्या खोलीची अनामत भरायची होती. पण क्रिप्टोचे रोख करून देणाऱ्या कंपनीने पैसे अडकवून ठेवले. आम्ही दोघी तिथे गेलो. तपासणारी मुलगी धाकटीच्याच वयाची, बोलायला मऊ.

"त्या मिक्सरमधून चोरीचे पैसेही गेलेत. तुमच्याकडे आलेत ते त्यातलेच."

"मी कुणाचं चोरलं नाही हो."

"तसं म्हणतच नाही मी. पण मुळात तुमचे किती होते, कुठून आले, ते दाखवावं लागेल. आधीचं वॉलेट कुणाच्या नावावर?"

"मिस्टरांच्या."

"मग झालं की. त्यांचं सहीनिशी पत्र आणा."

मी म्हटलं, "अगं बाळ, त्याच्यापासूनच तर लपवलं तिने."

तिने फॉर्म खालपर्यंत पाहिला. "मावशी, ते लिहायला यात जागाच नाही."

घरमालकीण संध्याकाळपर्यंतच थांबणार होती. जिन्यात उभं राहून धाकटीने नवऱ्याला फोन लावला. मी मनात नाम धरलं होतं, ते त्याचा आवाज ऐकून सुटलं. आवाज गोड होता.

"करतो ना सही, त्यात काय. आधी घरी ये. आणि पत्रात लिहायला नवीन वॉलेटचा पत्ता लागेल, तो सांग."

धाकटीने कठड्याला टेकून लॅपटॉप उघडला आणि एकेक अक्षर सावकाश सांगू लागली. मध्येच त्याने थांबवलं, तेव्हा तिने ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.