रिकामी डबी आणि राहिलेला पूल

मित्रांनो, मी तलवारबाजीचा एक जुना व्हिडिओ गेम आहे. एका चकतीवर माझा सगळा संसार. फिनलंडमधल्या ओउलू गावी, हेल्का आणि सिर्कू या बहिणींच्या घरी माझी उमेदीची वर्षं गेली.

आधी माझे गुण सांगतो, कारण आता ते कुणी सांगत नाही. माझा नायक तलवार अशी फिरवायचा की बघणाऱ्याचे हात शिवशिवायचे. एक वार, लगेच दुसरा, मग उडी आणि खाली येता येता तिसरा. कुठे अडखळणं नाही. खोडही सांगून टाकतो. पडद्यावर लढाई दाखवणारा माझा कॅमेरा महाहेकट. ऐन लढाईत तो खांबामागे जाऊन बसे आणि न दिसणारा राक्षस नायकाला लोळवी. मेलं की पार मागच्या थांब्यापासून पुन्हा सुरुवात. त्यापायी मी शिव्याही पोटभर खाल्ल्या.

बहिणींनी त्यावर तोड काढली. थोरली हेल्का खेळायची. धाकटी सिर्कू तिला खेटून बसायची आणि कॅमेऱ्याने लपवलेलं तोंडपाठ सांगायची: डावीकडे, मागे, आता उडी. खारट काळ्या गोळ्या चघळत, एक्केचाळीस तास खेळून दोघी शेवटच्या पुलाशी पोचल्या. पुलावरचा राक्षस मात्र हरेना. तेवढ्यात हेल्काला नॉर्वेत नोकरी लागली. "माझ्याशिवाय पूल ओलांडायचा नाही," असं सिर्कूला बजावून ती गेली. सिर्कूने मला हातच लावला नाही. अकरा वर्षं मी खेळाच्या यंत्राच्या पोटात पडून होतो. त्या दोघींच्या आवाजाची मला फार आठवण यायची.

यंदा वसंतात सिर्कूने घर बदलायला काढलं. जुन्या वस्तूंच्या बाजारात तिने आठवड्यासाठी एक फळी भाड्याने घेतली, वस्तूंवर किमतीच्या आणि फोन नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवून मांडल्या आणि विक्री बाजारवाल्यांवर सोपवून घरी आली. त्यांत माझी डबीही होती. ती तिने उघडून पाहिलीच नाही. खेळणाऱ्यांची ही ठरलेली चूक. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला, डबी रिकामी निघाली म्हणून.

चकती आणून देते, असं सिर्कूने कबूल केलं. माझ्या पाचावर धारण बसली. देण्याआधी मी चालतो का ते बघायला तिने यंत्र लावलं. पडद्यावर जुनी नोंद उमटली: हेल्का-सिर्कू, एक्केचाळीस तास. तिने लगेच बहिणीला फोन लावून सगळं सांगितलं.

"विकतेयस होय त्याला?" हेल्काने विचारलं.

"चालतोय का बघतेय."

"मग पुलावर जाऊन बघ."

"ताई, तो कॅमेरा..."

"मी सांगते ना. तू हात चालव, बये. तेव्हा कानाशी ओरडून तूच माझ्याकडून घोकून घेतलंयस."

हेल्काला पडदा दिसत नव्हता. तरी राक्षसाच्या ठरलेल्या चाली तिला पाठ होत्या: डावीकडे, मागे, आता उडी, एकही सूचना चुकली नाही. राक्षस गुडघ्यावर आला.

"ताई, एकच वार राहिलाय."



"नको मारूस," हेल्का म्हणाली. "जूनमध्ये येते मी."

सिर्कूने हात खाली ठेवले. राक्षस उठला आणि त्याने माझ्या नायकाला आडवं केलं. इतक्या आनंदाने मी कधी हरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सिर्कूने गिऱ्हाइकाची माफी मागून, पैसे परत करून डबी परत आणली.

मित्रांनो, जुना खेळ मऊ फडक्याने पुसून ठेवा. विकायचाच तर खुशाल विका. फक्त त्याआधी डबी उघडून बघा, आणि खेळताना तुमच्या शेजारी कोण बसायचं तेही आठवा. जूनला अजून पाच आठवडे आहेत. मी यंत्रातच आहे.