हरिश्चंद्राचं इंजेक्शन

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "अल्झायमरमध्ये गेलेली आठवण या इंजेक्शनाने परत येईल, असा शब्द मी देत नाही. त्यांच्या रक्तात पुरुषी हार्मोन फार कमी आहे, ते भरून काढू आणि बघू." आज आठवणीच्या चाचणीचे आकडे पुढ्यात होते. पूर्वी होते तेवढेच.

"मग बंद करा," मथुरेचा लेक दीपेश म्हणाला. तो मुंबईहून त्यासाठीच आला होता. "आये, गुण येवक नाय तर टोचूचा कित्याक? उलट लोक हसतत."

हसायला कारण होतं. इंजेक्शनाआधी तिचा नवरा हरिश्चंद्र घरापुढच्या खळ्यातल्या खुर्चीत मांडून ठेवल्यासारखा बसे. भरवला तर घास गिळी. आता तारकर्लीच्या किनाऱ्याला होडी लागली की हा मथुरेच्या आधी हजर. परवा तर त्याने मासेवालीलाच दम भरला, "गो, ह्या बाईक बरी सुरमई दी. एकटी रवता ती." ती बाई म्हणजे लग्नाला चाळीस वर्षं झालेली त्याची बायको. सगळा किनारा पोट धरून हसला. मथुरेने पदर सारखा केला आणि सुरमई घेतली. बरी होती.

"हसांदेत," ती आता म्हणाली. "ते मुक्याने बसलेले तेवा ह्यातलो कोण बघूक इलो नाय. आता कढयेत मीठ कमी म्हणान माझ्यार खेकसतत. माका भांडूक माणूस गावलो आसा. तो काडून घेव नको."

"पण बाबा तुका ओळखणत नाय."

"माका तेंची ओळख आसा. एका घरात तितकी पुरे."

मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली आणि ठेवणीतल्या मराठीत म्हणाली, "आठवणीचं राहू दे. यांना अपाय होईल का, तेवढं सांगा."

"रक्त आणि प्रोस्टेट तपासत राहू. वावगं दिसलं तर मीच थांबवीन."

"तेव्हा हट्ट करणार नाही. आज करते."

बाजूला बसलेल्या हरिश्चंद्राने नर्सच्या हातातल्या सुईकडे पाहिलं. "हळू टोच गो," तो म्हणाला, आणि स्वतःच उठून आत गेला.

परतीच्या एसटीत त्याने खिडकीची जागा मथुरेला दिली. दीपेश मागे बसला होता, तोंड फुगवून.

"तुमी खंय उतरतल्यात?" हरिश्चंद्राने अदबीने विचारलं.

"तुमी उतरशात थंय."

त्याने तिला नीट न्याहाळलं. मिशीवरून बोट फिरवलं.

"मगे तुमचा तिकीट मी काढतंय."

मथुरेने हातातली दोघांची तिकिटं मुठीत दडपली.

"काढा," ती म्हणाली.